फ्लूच्या साथीचा टप्पा सगळ्या जगासाठी एकच असावा का?

खाडीकाठ (रत्नागिरी):
जागतिक आरोग्य संघटनेने फ्लूच्या साथीचे १ ते ६ टप्पे २०१३ मध्ये मोडीत काढले, ते योग्यच केलं. आता अवस्था चार: दोन साथींमधला काळ, सतर्कता, जागतिक साथ, ओसरण. आपल्याकडे धोका किती, हे प्रत्येक देशाने जोखायचं. ११ जून २००९ ला स्वाइन फ्लूचा सहावा टप्पा जाहीर झाला. त्याचा अर्थ एवढाच की विषाणू जगाच्या दुसऱ्या विभागातही वस्तीवस्तीत पसरला. आजार किती जिवावर बेततो, हे त्या आकड्यात नव्हतंच. ऑगस्टच्या सुरुवातीला पुण्यात देशातला पहिला मृत्यू झाला आणि २३ तारखेला गणपती. मुंबई-पुण्याहून चाकरमानी निघालेले. त्यांच्याशी कसं वागायचं, हे ‘सहा’ने कोकणात कुणाला सांगितलं?

दर्यावर्दी (मालवण):
साफ नामंजूर. बंदरात तीन नंबरचा बावटा चढला की आम्ही होडी लोटत नाही. वादळात किती जण बुडतील हे बावटा कुठे सांगतो? आणि तीव्रता सुरुवातीला कळते तरी का! प्रयोगशाळेने पक्के केलेले मृत्यू १८ हजारांच्या वर होते. २०१२ मध्ये आलेला अंदाज दीड ते पावणेसहा लाखांचा. तोवर थांबायचं होतं? लस तयार व्हायलाच पाच-सहा महिने लागतात. युरोपात काही देशांचे लसखरेदीचे करार सहाव्या टप्प्यालाच बांधलेले होते. आकडा लागला म्हणून ते हलले.

खाडीकाठ:
बावटा त्या त्या बंदराला लागतो, दर्यावर्दी. वेंगुर्ल्याला धोका असला म्हणून जगभरच्या बंदरांत तो चढत नाही. माझं म्हणणं तेच आहे. आणि करार आकड्याला बांधले, म्हणूनच तर आकडा लावण्यावर दबाव आला.

कणकवलीकरीण:
मी उपकेंद्रात काम केलंय. दबाव उलटाही होता. पाचवा टप्पा २९ एप्रिललाच लागला होता, सहाव्याला आणखी सहा आठवडे गेले. मे महिन्यात ब्रिटन, जपानसारखे देश ‘घाई नको’ म्हणत होते. मला मात्र खाडीकाठांची वाट अर्धीच पटते. देशाने जोखायचं, ठीक. पण देश म्हणजे दिल्ली. ताप-खोकल्याचे रुग्ण वाढलेले आधी आमच्या ओपीडीच्या रजिस्टरात दिसतात. जोखीम जिल्ह्यावर ठरणार नसेल, तर टप्पे सहा ठेवा नाहीतर चार, आम्हाला काय फरक?

दर्यावर्दी:
ताई, जिल्ह्याने ठरवायचं तर घशाचा नमुना तपासायची सोयही जिल्ह्यातच हवी. ती नसेल तिथे वरून आलेला आकडाच आधार. तो काढून घेऊ नका.