शब्दचर्चा: दुखणं 'अंगावर काढणे' यातलं 'काढणे' कुठलं?

निशाचर
काल ओपीडीत झालेली गंमत. मी पुण्यात निवासी डॉक्टर आहे. सोबतची मैत्रीण केरळची. मराठी शिकायला लागून जेमतेम सहा महिने झालेत, पण हट्टाने मराठीतच बोलते. समोर साठी उलटलेल्या आजी.
"ताप कधीपासून?"
"आठ दिस झालं बघ. अंगावरच काढला."
हिने केसपेपरवर लिहिलं: ताप आठ दिवस, अंगावर पुरळ. मग आजींचे हात उलटेपालटे करून पुरळ शोधायला लागली. आजी माझ्याकडे बघून म्हणाल्या, "काय हुडकतीया गं ही?"
हसून झालं. पण नंतर तिने विचारलं, 'काढला' म्हणजे बाहेर काढला ना? मग ताप गेलेला असायला हवा. आहे तिथेच असेल तर काढला कसा? अर्थ मला ठाऊक आहे, उपचार न घेता सोसणे. पण 'काढणे' इथे का, ते सांगता येईना. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

सहाणखोड
हा 'दिवस काढणे', 'रात्र काढणे' यातला काढणे. मूळ प्राकृतातल्या 'कड्ढ'चं, म्हणजे ओढणे. ओढून बाहेर आणलं की काटा काढला, ओढत ओढत शेवटापर्यंत नेलं की दिवस काढले. ताप दुसऱ्या प्रकारचा. तो गेला असं आजी म्हणतच नाहीयेत. त्यांनी आठ दिवस ओढले, एवढंच.
'अंगावर' म्हणजे कातडीवर नव्हे, अंगाच्या भरवशावर. काम अंगावर घेतो, कर्ज अंगावर असतं, तसंच. औषधावर नाही, डॉक्टरवर नाही, अंगावर.

कढीपत्ता
मग 'काढा'पण यातलाच का? अर्क काढतात म्हणून?

सहाणखोड
नाही हो. ऐकायला जुळतं, पण काढा हा संस्कृत 'क्वाथ'चा. कढणे, कढवणे, कढी हे त्याचे भाऊबंद. तुमचं नाव त्याच घरातलं आहे.

वऱ्हाडी पाव्हणा
आमच्या इकडं 'आजारी' कमी, 'बिमार' जास्त. पण अंगावर काढणं हाये. "कायले अंगावर काढतं, दवाखान्यात जाय ना बावा," हे माह्या घरात आठवड्यातून एकदा तरी होते.

गोदाकाठ
निशाचर, तुमच्या मैत्रिणीला अजून एक कोडं घाला. ही दोन वाक्यं बघा.
'बाबांनी मोठं आजारपण काढलं.'
'आईनं बाबांचं आजारपण काढलं.'
पहिल्यात काढणारा स्वतः रोगी. दुसऱ्यात काढणारी धडधाकट, उशाशी बसणारी. क्रियापद तेच, नुसता 'चं' आला आणि खाटेवरचा माणूस बदलला. एकाच क्रियापदात रोगी आणि सेवा करणारी दोघं बसतात, हे मला फार मराठी वाटतं. दोघांनीही तेच दिवस ओढलेले असतात, एकाने पडून, दुसरीने उभं राहून.
आणि सेवेच्या बाजूला या 'काढणे'चा पसारा किती! खस्ता काढणे. गू-मूत काढणे. "सासूचं सगळं काढलं हो तिनं," यात 'सगळं' म्हणजे काय, हे विचारायची गरज पडत नाही.
माझ्या आईने आजीचं अर्धांगाचं दुखणं चार वर्षं काढलं. आजीला कुशीवर वळवायची तिची एक पद्धत होती. आधी लुगड्याचा पदर गुडघ्यात खोचायचा, मग आजीचा लुळा हात स्वतःच्या गळ्याभोवती घ्यायचा आणि 'हं' म्हणून एका झटक्यात वळवायची. त्याच वर्षांत आईची स्वतःची पाठ गेली. त्याबद्दल कुणी विचारलं तर घरातले सांगायचे, "तिनं अंगावर काढलं ना!" म्हणजे दुसऱ्याचं काढलं ते पुण्य, स्वतःचं काढलं तो हलगर्जीपणा. वेळ मिळाला असता तर दाखवलं नसतं का तिनं?

जुनी पाटी
गोदाकाठ यांच्यानंतर लिहायला संकोच वाटतोय, पण 'देवी काढणे', म्हणजे देवीच्या रोगाची लस टोचणे, राहिलं.
माझ्या पिढीच्या दंडावर त्याचे वण आहेत. शाळेच्या ओसरीवर रांग लागायची. देवी काढणारा माणूस दंडावर थेंब ठेवायचा आणि त्यावर कातडी खरवडायचा. पुढे फोड, खपली आणि जन्मभराचा रुपयाएवढा वण. नातवंडं आपला बीसीजीचा वण दाखवून "आमच्यापण देवी काढल्यात" म्हणतात. ती लस क्षयाची, बाळांनो. देवीचा भारतातला शेवटचा रुग्ण 1975 सालचा, आणि 1980 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातूनच रोग गेल्याचं जाहीर केलं.
आता शब्द. रोगाच्या देवी 'यायच्या'. त्यांना कुणी आणत नसे, हाकलत नसे. घरात फोडणी बंद, दाराला कडुलिंबाचा टाळा, बोलणं आदराचं. रोग म्हणायची चोरी. आणि सरकारी माणूस पेटी घेऊन यायचा तो देवी 'काढायला'! हे काढणे बाहेर ओढण्याचं नक्की नाही, कारण अंगात काही नसतानाच काढायच्या. माझं मत असं, की हे रांगोळी काढणे, चित्र काढणे यातलं आहे. दंडावर रेघा ओढून देवी उमटवायच्या, थोड्याशा, आपल्या हिशोबाने.
'लस' या शब्दातही जुनी गोष्ट दडलीय. जखमेतून पाझरतं ते पातळ पाणी म्हणजे लस. आजही 'जखमेतून लस येतेय' म्हणतो. हिंदुस्थानात गोस्तनदेवीची, म्हणजे गायींना येणाऱ्या सौम्य देवीची, पहिली यशस्वी लस टोचली गेली ती मुंबईत, 14 जून 1802 रोजी, ॲना डस्टहॉल नावाच्या तीन वर्षांच्या मुलीला. मग तिच्या फोडातली लस घेऊन पुढच्या मुलांना. दंडावरून दंडावर असा तो प्रवास होता. तेव्हा लस ही खरोखरच लस होती. आता कुपीतलं काहीही असो, नाव तेच राहिलं.

कढीपत्ता
भारी! म्हणजे एक्स-रे काढणे, ईसीजी काढणे हे रांगोळीवालं, आणि रक्त काढणे हे काट्यावालं. मेडिक्लेम काढणे कुठलं?

जुनी पाटी
तिकीट काढणे, कर्ज काढणे यातलं. देवींसारखंच हेही दुखणं यायच्या आधी काढायचं.

दर्यावर्दी
गोव्याहून. कोंकणीत 'दिश्ट काडप'. मीठ-मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या. ठसका लागला नाही तर दृष्ट जबर होती, असं आजी म्हणायची. हे मात्र सरळ काट्यासारखं बाहेर काढणं. मराठीतही दृष्ट काढतात आणि उतरवतातही. माझ्या कानाला 'उतरवणे' जरा हलकं वाटतं, अंगरखा उतरवल्यासारखं. काढली की ती मुळातून गेली.

वऱ्हाडी पाव्हणा
आमच्याकडं नजर उतरवतेच. उतरली म्हंजे उतरली, हलकंबिलकं काही नाही.

निशाचर
सगळ्यांचे आभार. हे सगळं मैत्रिणीला वाचून दाखवलं. आता ती दालनाबाहेर 'खोकला अंगावर काढू नका, दोन आठवड्यांवर गेला तर बेडका तपासून घ्या' ही पाटी थांबून मोठ्याने वाचते. आणि आज सकाळी मला म्हणाली, "मी नाइट ड्यूटी अंगावर काढली." हे चालेल का?

सहाणखोड
नाही चालणार. अंगावर काढायला मुळात शरीराचंच काहीतरी लागतं. ताप, खोकला, कंबर, दात. पाऊस अंगावर घेतो, मार अंगावर झेलतो. ड्यूटी नुसती काढतात.
मात्र अंगात ताप असताना ड्यूटी केली असेल, तर ताप अंगावर काढला असं म्हणता येईल. तिला विचारा.

निशाचर
विचारलं. शंभरच्या वर आहे.