बाबांची चित्रं, कव्हरं आणि मृत्युपत्र: सुरुवात कुठून करायची?

घंटाळीचा_बंड्या:
नमस्कार मंडळी. बाबा 79 वर्षांचे, जन्मभर कमर्शियल आर्टिस्ट. दिवाळी अंकांची मुखपृष्ठं, पुस्तकांची कव्हरं, कथांची रेखाटनं, शिवाय स्वतःच्या हौसेने केलेली ढीगभर वॉटरकलर्स. सगळं माळ्यावर नि पलंगाच्या बॉक्समधे कोंबलंय, काहींना गेल्या पावसाळ्यात बुरशी धरली. फ्लॅट आणि एफडीला माझं नॉमिनेशन आहे म्हणून बाबा म्हणतात मृत्युपत्र कशाला, तुम्ही बहीणभाऊ काय भांडणार आहात थोडेच. भांडणार नाही हो, पण चित्रं नेरूळच्या ताईला हवीत, माझ्याकडे ठेवायला जागा नाही, आणि परवा एका प्रकाशकाचा फोन आला की जुनं कव्हर नव्या आवृत्तीला वापरू का, तर हो म्हणायचा हक्क आपल्याला आहे की नाही हे बाबांनाच सांगता येईना. आईचं मत विचारलं तर ती म्हणते आधी माळा रिकामा करा.

वाशीची_वकील:
बंड्या, आधी नॉमिनेशनचं भूत उतरव. नॉमिनी म्हणजे फक्त पैसे किंवा जागा ताब्यात घेणारा, मालक नव्हे, शेअर्सबद्दल सुद्धा 2023 मधे सुप्रीम कोर्टाने हेच सांगितलं. तुम्ही हिंदू वारसा कायद्यात येत असाल तर मृत्युपत्र नसताना आई, तू आणि ताई तिघांना सारखा वाटा, ताईचं लग्न झालंय याने काही फरक पडत नाही.

आता चित्रं. कागदावरचं चित्र ही एक मालमत्ता आणि त्याचा कॉपीराइट ही दुसरी, आणि हा कॉपीराइट बाबांच्या पश्चात 60 वर्षं चालतो. मृत्युपत्रात 'चित्रं ताईला' एवढंच लिहिलं तर जी कधी छापून आली नाहीत त्यांचा कॉपीराइट कायद्याने चित्राबरोबर ताईकडे जातो, पण छापून आलेल्यांचा तसा जात नाही, तो उरलेल्या, म्हणजे मृत्युपत्रात वेगळी कोणाला दिलेली नाही अशा मालमत्तेत पडतो. म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहून घ्या. माझं ऐकाल तर हक्क एकाच्याच नावावर ठेवा आणि येणाऱ्या पैशात दोघांचा वाटा लिहा, नाहीतर उद्या प्रत्येक परवानगीला दोघांच्या सह्या गोळा करत बसाल.

कव्हरचं प्रकरण थोडं किचकट आहे. पैसे देऊन कोणी चित्र काढून घेतलं आणि वेगळा करार नसेल तर पहिला मालक तो काढून घेणारा धरला जातो. तेव्हा जुनी पत्रं, बिलं, व्हाउचर शोधा, आणि ती मिळेपर्यंत त्या प्रकाशकाला हो नाही काहीच कळवू नका. मालकी कोणाचीही निघो, कव्हरवर बाबांचं नाव यायला हवं आणि चित्राची मोडतोड व्हायला नको, हा हक्क चित्रकाराचाच.

बाकी साधं आहे. दोन साक्षीदार लागतात, ज्यांना काही मिळणार आहे त्यांना साक्षीदार करू नका. रजिस्ट्रेशन सक्तीचं नाही पण सब-रजिस्ट्रारकडे करून घ्या, स्टॅम्प ड्युटी लागत नाही. वय बघता बाबा शुद्धीत आणि भानावर असल्याचं डॉक्टरचं सर्टिफिकेट जोडा.

ऐरोली_फ्रेमवाला:
वकीलताईंचं बरोबर, पण यादीच नसेल तर मृत्युपत्रात लिहिणार काय? रविवारी बाबांना खुर्चीत बसवा आणि एकेक चित्र समोर धरा. पुढून मागून फोटो, साइज, माध्यम, साल, कोणासाठी केलं, छापलं का, ओरिजिनल परत आलं का. ते बोलतायत ते मोबाइलवर रेकॉर्ड करा, कारण कुठल्या अंकाने पैसे बुडवले हे पण त्यात निघतं आणि तेच पुढे कामाला येतं. नंबर मागे कोपऱ्यात पेन्सिलने हलक्या हाताने टाका, बॉलपेन नको, दाब पुढे उमटतो. बुरशीवाली बाकीच्यांपासून वेगळी ठेवा आणि घरी ओल्या फडक्याने पुसू नका, वॉटरकलर आहे, रंगच निघून येईल. प्लास्टिकमधे गुंडाळून ठेवायचं नाही, ठाण्याच्या दमटपणात आत घाम धरतो.

नाटकवेडा:
म्युझियमला देऊन टाकू असा विचार असेल तर आधी विचारा, कोणी सगळं घेत नाही, निवडून घेतात. आणि ट्रस्ट बिस्टच्या भानगडीत पडू नका, दरवर्षी हिशोब आणि ऑडिट कोण करणार? बाबांचं काम ईमेलवर किंवा गूगल ड्राइव्हवर असेल तर गूगलच्या सेटिंगमधे इनॅक्टिव्ह अकाउंट मॅनेजर आहे, म्हणजे अकाउंट वापरणं थांबलं तर त्यातलं कोणाला मिळावं हे आधीच सांगायची सोय, तिथे ताईचं नाव आत्ताच घाला, दोन वर्षं वापर नसेल तर ते अकाउंट उडवू शकतात.

घंटाळीचा_बंड्या:
खूप आभार सगळ्यांचे. यादी सुरू केलीये. नवीनच अडचण निघाली, बाबा म्हणतात सरावाच्या स्केचबुक माझ्यामागे फाडून टाका, मृत्युपत्रात तसं लिहा. ताई रडायला लागली. लिहायचं का?

वाशीची_वकील:
अजिबात नको. फाडायच्या असतील तर त्यांनी आत्ता स्वतःच्या हाताने फाडाव्यात, ते जिवंत आहेत तोवर तो त्यांचा प्रश्न. ताईला एकदा सगळ्या बघायला द्या आणि कुठल्या ठेवायच्या ते दोघांनी बसून ठरवा, मग ठेवायच्या तेवढ्या यादीवर घ्या.