हँडब्रेकची केबल घरी बदलावी का? सल्ला हवा (वॅगन आर 2012, नागपूर)

अंबाझरीकाठ
नमस्कार मंडळी,
माझ्याकडे 2012 ची वॅगन आर आहे. 23 सप्टेंबर 2023 च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि पाणी वस्तीत शिरले, तेव्हा ही गाडी निम्म्या चाकापर्यंत पाण्यात उभी होती. गाद्या आणि वायरिंगचे काम तेव्हाच करून घेतले. खालून जाणाऱ्या हँडब्रेकच्या केबलकडे मात्र कोणाचेच लक्ष गेले नाही. आता अकरा-बारा खटके ओढल्याशिवाय हँडब्रेक धरत नाही, आणि सोडल्यावर मागचे डावे चाक पूर्ण मोकळे होत नाही. गेल्या महिन्यात रामटेकच्या गडावर गाडी चढावर लावली, तर ती हळूहळू मागे सरकू लागली आणि चाकामागे दगड ठेवावा लागला. परतीच्या वाटेवर त्याच चाकापाशी जळका वास येत होता.

केबल घरीच बदलून घट्ट करावी, असा विचार आहे. सामानासाठी 1500 रुपये काढले आहेत. जॅक आणि रिंग पान्यांचा संच घरी आहे. कोणती केबल घ्यावी, एक बदलावी की दोन्ही, आणि काम कोणत्या क्रमाने करावे, हे ज्यांनी स्वतः केले आहे त्यांनी सांगावे.

सोनेगावकर
कंपनीचीच केबल घ्या आणि दोन्ही बाजूंच्या एकदमच बदला. मी गेल्या वर्षी दोन्ही केबल, मागचे दोन्ही ड्रम (चाकासोबत फिरणारे गोल डबे) आणि लायनर (ड्रमला आतून घासून चाक अडवणाऱ्या पट्ट्या) एकत्र बदलून घेतले. मजुरीसह साडेसहा हजार रुपये लागले, पण त्यानंतर एकदाही हँडब्रेककडे पाहावे लागलेले नाही. ब्रेकच्या कामात पैशांकडे बघू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

महालचे काका
केबल बदलायची काहीच गरज नाही. दोन सीटच्या मधले प्लास्टिकचे झाकण उघडले की हँडब्रेकच्या बुडाशी एक नट दिसतो, तो चार-पाच फेरे आवळा. मी तीस वर्षे गाडी चालवतो आहे आणि प्रत्येक गाडीचा हँडब्रेक असाच दहा मिनिटांत ठीक केला आहे. आजकाल थोडे ढिले झाले की लगेच भाग बदलायला सांगतात.

गोधनी रोड
काका, आपला अनुभव मोठा आहे, पण या गाडीला हा उपाय लागू करू नका, अशी विनंती आहे. धागाकर्त्याने दोन वेगळ्या तक्रारी सांगितल्या आहेत. खटके वाढले, ही एक. चाक मोकळे होत नाही, ही दुसरी. नट आवळल्याने खटके कमी होतील, पण जी केबल आधीच आवरणात गंजून अडकते आहे ती आणखी ताणली जाईल आणि डाव्या चाकाचे लायनर सतत ड्रमला घासत राहतील. जळका वास त्याचाच आहे.

खटके वाढण्याचे कारणही बहुतेक वेळा केबल ताणली जाणे हे नसते. लायनर झिजले की ड्रम आणि लायनर यांच्यातील अंतर वाढते. हे अंतर आपोआप भरून काढणारी एक यंत्रणा ड्रमच्या आत असते. ती धुळीने किंवा गंजाने अडकली की अंतर तसेच राहते आणि ते कापण्यातच हँडब्रेकचे खटके खर्च होतात. अशा वेळी नट आवळला, तर लायनर ढकलणारा आतला लिव्हर आपल्या मूळ जागी परत जात नाही आणि ती यंत्रणा पुढे नीट काम करू शकत नाही. म्हणून क्रम असा ठेवावा, की ड्रम उघडून आतील भाग साफ करायचे, लायनर तपासायचे, ड्रम बसवून पायाचा ब्रेक बऱ्याच वेळा दाबायचा, आणि नटाला हात सर्वांत शेवटी लावायचा.

बेसा-पिपळा
मीही हेच म्हणतो, आधी लायनर बघावेत. शिवाय नागपूर सपाट आहे. गाडी पहिल्या गिअरमध्ये उभी केली की हँडब्रेक लागतो कुठे? पावसाळ्यात तर मी तो ओढतच नाही, कारण ओले लायनर रात्रभरात ड्रमला चिकटतात.

गोधनी रोड
लायनर चिकटतात, हे खरे आहे, आणि गाडी बरेच दिवस उभी राहणार असेल तर गिअर आणि चाकाला ठोकळा हाच चांगला उपाय आहे. पण हँडब्रेक महिनोन्महिने न ओढल्याने केबल आवरणात हलतच नाही आणि एकदा पाणी शिरले की आहे त्या जागी गंजून बसते. सेमिनरी हिल्सच्या चढावर किंवा रामझुला पुलावर गाडी बंद पडली, तर त्या क्षणी हँडब्रेक लागतोच.

मनीषनगरची ताई
केबल कोणतीही घ्या, पण घोड्यांशिवाय (उचललेल्या गाडीखाली लावायचे लोखंडी टेकू) गाडीखाली जाऊ नका. मी दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात घरासमोरच्या डांबरी रस्त्यावर मागचे चाक उचलले होते. दुपारचे ऊन 45 अंशांचे होते, डांबर मऊ झाले होते आणि जॅकचा पाया त्यात एका बाजूने रुतत गेला. गाडी तिरकी झाली आणि चाक काढलेला ड्रम थेट रस्त्यावर आपटला. माझा हात त्या वेळी पाना घ्यायला बाहेर आला होता, एवढ्यावरच निभावले. काँक्रीटच्या सपाट जागेत, सकाळी काम करा आणि दोन्ही बाजूंना घोड्या लावा. हँडब्रेक फक्त मागच्या चाकांना धरतो, त्यामुळे मागची चाके उचलल्यावर त्याचा काहीही आधार राहत नाही. गाडी पहिल्या गिअरमध्ये ठेवून पुढच्या दोन्ही चाकांना पुढून आणि मागून ठोकळे लावा.

सोनेगावकर
म्हणूनच मी सांगत होतो, की हे काम गॅरेजमध्ये द्यावे. नव्या गाड्यांमध्ये बटणावर चालणारा ब्रेक असतो, तिथे असला त्रासच नाही.

कामठी रोडवरचा
बटणाच्या ब्रेकची मोटार बिघडली तर किती खर्च येतो, ते एकदा विचारून पाहा. असो.

मी हे काम घरी केले आहे, म्हणून अडचणीच्या दोन जागा सांगतो. पहिली जागा म्हणजे ड्रम. तो गंजाने धरून बसला असेल तर हातोड्याने मारत बसू नका. ड्रमच्या तोंडावर आटे असलेली दोन भोके असतील, तर त्यांत योग्य मापाचे बोल्ट थोडे थोडे, आळीपाळीने आवळा. ड्रम आपोआप बाहेर येतो. काही गाड्यांत ड्रम आणि बेअरिंग एकत्र असतात. तिथे मधला मोठा नट काढावा लागतो आणि परत बसवताना तो नवाच घ्यावा लागतो, त्यामुळे आपल्या गाडीत कोणती रचना आहे ते आधी पाहून घ्या.

दुसरी जागा म्हणजे ड्रममागच्या पत्र्यातून केबलचे आवरण बाहेर पडते तिथल्या पाकळ्या. त्या तिन्ही बाजूंनी फाकलेल्या असतात आणि पकडीने एक दाबली की दुसरी सुटते. मी अर्धा तास घालवला आणि मग त्यांवर नेमका बसेल असा रिंग पाना आतल्या बाजूने सरकवला. सगळ्या पाकळ्या एकदम मिटल्या आणि केबल मागे ओढून निघाली. ड्रममधील काळी भुकटी फुंकून उडवू नका. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकते. ओल्या फडक्याने पुसा.

स्वस्त केबलबद्दलही सांगतो. गणेशपेठेत मी पहिल्यांदा निम्म्या किमतीची केबल घेतली. ती बोटभर लांब निघाली आणि नट शेवटच्या आट्यापर्यंत आवळूनही चाक अडेना. जुनी केबल काढून सोबत न्या आणि दुकानातच दोन्ही शेजारी धरून मोजा.

महालचे काका
नट शेवटी तर आवळावाच लागतो ना? मीही तेच सांगितले होते.

गोधनी रोड
होय काका, शेवटी आवळावा लागतोच. नवी केबल बसली की हँडब्रेक आठ-दहा वेळा जोराने ओढून सोडावा, म्हणजे ती आपल्या जागी बसते. मग साधारण पाच ते आठ खटक्यांत मागची दोन्ही चाके हाताने फिरेनाशी होतील, इतपत नट आवळावा. नेमका आकडा गाडीच्या पुस्तिकेत पाहावा. हँडब्रेक पूर्ण खाली केल्यावर दोन्ही चाके न घासता फिरली पाहिजेत. केबल मात्र दोन्ही बदलाव्यात, कारण दोन्ही सारख्याच पाण्यात उभ्या होत्या.

अंबाझरीकाठ
सर्वांचे मनापासून आभार. रविवारी सकाळी सहाला सुरुवात केली आणि साडेअकराला काम संपले. ताईंचे ऐकून घोड्या शेजारच्या गॅरेजमधून दिवसभरासाठी आणल्या.

केबल मी एकच बदलली, डावी. दोन्ही बदलाव्यात असे दोघांनी सांगितले होते, त्यामुळे कारण सांगतो. बॅलन्सरपासून (दोन्ही केबल जिला जोडतात ती पट्टी) सोडवल्यावर उजवी केबल आवरणात दोन बोटांनी सहज मागेपुढे सरकत होती आणि तिच्या टोकाचे रबर अखंड होते. डावीचे रबर ड्रमजवळ फाटलेले होते. ती बाहेर काढून वाकवली, तेव्हा फाटलेल्या जागेतून विटकरी रंगाचा ओलसर चुरा जमिनीवर पडला. आतील तारांपैकी तीन तुटून वर आल्या होत्या. चांगली केबल केवळ जोडी म्हणून फेकून देणे मला पटले नाही.

लायनर अजून जाड आहेत. डाव्या बाजूची अंतर भरणारी यंत्रणा अडकलेली होती, ती साफ करून मोकळी केली. केबलचे 720 रुपये लागले आणि घोड्यांचे गॅरेजवाल्यांनी काही घेतले नाही. बॅलन्सर अगदी थोडा तिरका बसला आहे, पण सहाव्या खटक्याला दोन्ही चाके अडतात आणि सोडल्यावर दोन्ही मोकळी फिरतात.

सोनेगावकर
दुसरी केबलही बदलायला हवी होती. पुन्हा गाडी उचलावी लागेल, तेव्हा हे आठवेल.

अंबाझरीकाठ
तसे झाले तर याच धाग्यावर लिहीन. काल संध्याकाळी सेमिनरी हिल्सच्या चढावर गिअर न टाकता केवळ हँडब्रेकवर गाडी लावली आणि ठोकळा हातात घेऊन पंधरा मिनिटे चाकाशेजारी उभा राहिलो. गाडी तसूभरही हलली नाही. घरी येऊन डाव्या ड्रमजवळ हात धरून पाहिला. उजव्याइतकाच कोमट लागला.