उरी पक्ष का बुडाला?

दक्षिण कोरियातला, राष्ट्राध्यक्ष रो मू-ह्यून यांच्या बाजूचा उरी पक्ष त्यांच्यावरच्या महाभियोगाच्या सहानुभूतीवर निवडून आला आणि ती ओसरताच संपला, हे मत मला अर्धंच पटतं. ४७ खासदारांचा पक्ष एप्रिल २००४ मध्ये २९९ पैकी १५२ जागांवर गेला तो रो मू-ह्यून यांच्यावरच्या महाभियोगाचा लोकांना संताप आल्यामुळेच, यात वाद नाही. पण बहुमत हातात आल्यावर काय केलं, ते या मतात येतच नाही.

१९४८ चा राष्ट्रीय सुरक्षा कायदा रद्द करू, असं उरीने ठासून सांगितलं होतं. याच कायद्याखाली लष्करी राजवटीत किती विद्यार्थी, कामगार तुरुंगात सडले! डिसेंबर २००४ मध्ये विरोधकांनी संसदेतली विधी समितीची खोली अडवून धरली. बाहेर येओइदोच्या, म्हणजे सोलमधल्या संसदेच्या परिसरातल्या, कडाक्याच्या थंडीत कार्यकर्ते उपोषणाला बसलेले. आणि आत उरीचेच खासदार रद्द करायचा की नुसती दुरुस्ती, यावर भांडत राहिले. वर्ष सरलं, कायदा जागेवरच. तो आजही आहे.

माझ्या मते हक्काचा कार्यकर्ता तिथेच तुटला. २००६ च्या स्थानिक निवडणुकांत १६ प्रांत आणि महानगरांपैकी फक्त उत्तर जल्ला प्रांत राहिला, आणि ऑगस्ट २००७ मध्ये पक्षच नव्या पक्षात विलीन झाला.