बीएमआय नॉर्मल, पण पोट सुटलंय

देवगडचा_आंबेवाला: उंची १६८ सेंमी, वजन ६४ किलो, बीएमआय (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) २२.७, म्हणजे नॉर्मलच ना? पण काल पँट शिवायला टाकली तर शिंपी म्हणतो कंबर ३७ इंच, तेव्हापासून बायको भात कमी वाढतेय. घाबरायचं का?

खाडीकाठ: ३७ म्हणजे ९४ सेंमी. आपल्याकडे पुरुषांना ९०, बायकांना ८० ची मर्यादा धरतात. हातपाय काटकुळे नि पोट पुढे, ही आतली चरबी वजनकाट्यावर कळत नाही हो. शुगर, बीपी, कोलेस्टेरॉल बघून घ्या.

रापणकर: शिंप्याचं माप धरू नका, तो पट्टा बांधतो तिथे मोजतो. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध टेप लावा, श्वास सोडून, आणि पोट आत ओढू नका 😀 कंबर उंचीच्या निम्म्याहून कमी हवी, म्हणजे तुमची ८४ सेंमीच्या आत.

देवगडचा_आंबेवाला: मोजलं. ९६ आलं. बायकोला सांगितलेलं नाही अजून.