शब्दचर्चा : ‘हेमाडपंती’ की ‘हेमाडपंथी’, आणि अंबरनाथचे देऊळ

प्रश्न : अंबरनाथच्या शिवमंदिराविषयी एका लेखात ‘अकराव्या शतकातील हेमाडपंथी शैलीचे मंदिर’ असे वाचले. यातील ‘हेमाडपंथी’ हे रूप बरोबर आहे का, आणि या शब्दाचा नेमका अर्थ काय?

उत्तर : आपण उद्धृत केलेल्या वाक्यात दोन चुका आहेत. लेखनाची चूक लहान आहे. हेमाद्री या नावाचे बोलीतील रूप ‘हेमाड’ आणि त्याला जोडलेले आदरार्थी ‘पंत’ यांपासून ‘हेमाडपंती’ हे विशेषण झाले आहे. तेथे ‘पंथ’ नाही, कारण हेमाद्रीने कोणताही संप्रदाय स्थापन केला नव्हता. तरीही ‘नाथपंथी’, ‘वामपंथी’ अशा शब्दांच्या सवयीने त चा थ होतो आणि तो आता पाट्यांवरही सर्रास आढळतो.

दुसरी चूक काळाची आहे व ती अधिक गंभीर आहे. हेमाद्री हा देवगिरीच्या यादवांचा श्रीकरणाधिप, म्हणजे राजदप्तराचा प्रमुख होता. महादेव यादव (1261 ते 1271) आणि त्यानंतरचा रामचंद्र यांच्या दरबारी त्याचा अधिकार चालत असे, आणि ‘चतुर्वर्गचिंतामणि’ हा त्याचा प्रचंड धर्मशास्त्रीय ग्रंथ प्रसिद्धच आहे. अंबरनाथच्या मंदिरातील शिलालेख मात्र शके 982 चा, म्हणजे इ.स. 1060 चा असून त्यात उत्तर कोकणच्या शिलाहार घराण्यातील मुम्मुणी (माम्वाणी) राजाचा उल्लेख आहे. हेमाद्रीचा उदय होण्याआधी हे देऊळ सुमारे दोनशे वर्षे वालधुनी नदीच्या काठी उभे होते. ‘अकराव्या शतकातील हेमाडपंती’ हे शब्द म्हणूनच एकमेकांशेजारी बसत नाहीत.

मग हा शब्द आला कोठून? मोडी लिपीपासून पाषाणाच्या देवळांपर्यंत अनेक गोष्टींचे श्रेय लोकपरंपरेने हेमाडपंतांना दिले, आणि इंग्रजी अमदानीतील गॅझेटिअरांनी ती परंपरा उचलून दख्खनमधील जवळजवळ प्रत्येक जुन्या दगडी देवळाला हेच नाव लावले. लोकांच्या मनात या शब्दाचा अर्थ मुख्यतः बांधणीचा आहे : चुना न वापरता घडीव दगड एकमेकांवर रचायचे, एकाची खाच दुसऱ्याच्या उंचवट्यात बसवायची, आणि छताकडे जाताना प्रत्येक थर थोडा आत सरकवत नेऊन माथा मिटवायचा, म्हणजे दगडांचे वजनच दगडांना धरून ठेवते.

पुढचा प्रश्न : बांधणी तशीच असेल, तर अंबरनाथला ‘हेमाडपंती’ म्हणण्यास हरकत का असावी?

उत्तर : भिंतीबद्दल बोलत असाल तर माझी हरकत नाही, बारवेच्या किंवा गढीच्या दगडकामालाही लोक तसे म्हणतात, आणि रूढ झालेला शब्द उगाच मोडीत काढण्याचे कारण नाही. ‘शैली’ म्हटले की मात्र शिखर आणि तलविन्यास (देवळाचा जमिनीवरील आराखडा) यांचा विचार करावा लागतो. अंबरनाथचे शिखर वरून भग्न असले तरी उरलेल्या भागावरून ते ‘भूमिज’ प्रकारचे आहे हे स्पष्ट होते. ‘भूमी’ म्हणजे येथे मजला. चारही बाजूंनी मधोमध वर चढत जाणारे उभे पट्टे असतात, त्यांना लता म्हणतात. दोन लतांच्या मधल्या जागेत छोट्या खांबांवर बसवलेल्या शिखरांच्या लहान प्रतिकृती आडव्या-उभ्या ओळींनी, मजल्यावर मजला अशा, रचलेल्या असतात. हा प्रकार माळव्यातील परमारांच्या प्रदेशात विशेष बहरला. मध्य प्रदेशातील उदयपूरचे उदयेश्वर मंदिर साधारण याच काळातले आहे. आपल्याकडे सिन्नरचे गोंदेश्वर आणि झोडग्याचे माणकेश्वर ही त्याची नंतरची उदाहरणे होत.

अंबरनाथचा गाभारा मंडपाच्या पातळीपेक्षा बराच खाली असून तेथे पायऱ्या उतरून जावे लागते, हे वैशिष्ट्यही ‘हेमाडपंती’ या एका शब्दात सांगता येत नाही.

काही जण शुद्धीसाठी ‘यादवकालीन’ हा पर्याय सुचवतात. गोंदेश्वराला तो लागू पडेल, कारण सिन्नर ही यादवांची आरंभीची राजधानी होती. ठाणे जिल्ह्यातील या देवळाला तो लावल्यास शतकाची तीच चूक दुसऱ्या नावाने होईल. त्या लेखातील वाक्य ‘अकराव्या शतकातील शिलाहारकालीन, भूमिज शैलीचे शिवमंदिर’ असे लिहावे, आणि दगडकामाचे वर्णन करायचे असेल तेथे ‘हेमाडपंती बांधणी’ हा शब्द, त ने, खुशाल वापरावा.