मदत हवी आहे: चेरोकी लिपीतलं 'त्सा' शोधात सापडत नाही

टल्साकर
इथे अमेरिकेत, ओक्लाहोमात शनिवारी मुलांचा चेरोकी भाषेचा (इथल्या मूळ रहिवाशांपैकी एका समाजाची भाषा) वर्ग भरतो. त्यांच्यासाठी शब्दसूचीचं पान केलंय. 'त्सा' हे अक्षर टाकून शोधलं की एकही शब्द येत नाही, वर 'तुम्ही शोधलेला शब्द' लिहून येतो तिथे नुसता चौकोन. गेल्या महिन्यापर्यंत चालत होतं. कोडला मी हात लावलेला नाही. उद्या सकाळी वर्ग आहे, लवकर सांगा.

जुनाजाणता
चौकोन आला म्हणजे फॉन्ट नाही. नोटो सान्स चेरोकी टाका, विषय संपला.

टल्साकर
फॉन्ट आहे हो! खालच्या यादीत तेच अक्षर स्वच्छ दिसतंय.

विदागार
डेटाबेस यूटीएफ८-एमबी४ (अक्षरं साठवायची एक पद्धत) करा. आमच्या मराठी साइटवर प्रश्नचिन्हं यायची, यानेच गेली.

खटपट्या
विदागार, ते चार बाइटवाल्यांसाठी, म्हणजे इमोजी वगैरे. चेरोकी अक्षर देवनागरीसारखंच तीन बाइटचं. उगाच डेटाबेस उचकायला लावू नका.
टल्साकर, कोड कुठल्या भाषेत लिहिलाय? सर्व्हर बदललाय का? फक्त 'त्सा'च अडतं की सगळीच अक्षरं?

विदागार
मी अनुभवाचं सांगितलं. करून ठेवलं तर बिघडत काहीच नाही.

पाटीपेन्सिल
चेरोकी लिपी बनवणाऱ्या सेक्वोयाला आधी कुठलीच लिपी वाचता येत नव्हती. तरी १८२१ पर्यंत त्याने ही लिपी पूर्ण केली आणि १८२८ मध्ये तिच्यात 'चेरोकी फीनिक्स' हे वृत्तपत्र छापलं जाऊ लागलं. मला तर ही आपली बाराखडीच वाटते.

मावशीबाई
बाराखडी नव्हे. आपल्याकडे क, कि, कु यांत 'क' दिसतो. तिथे प्रत्येक उच्चाराला वेगळंच चिन्ह, 'गा' बघून 'गी' ओळखता येत नाही.

टल्साकर
पायथन. होस्टिंगवाल्यांनी जुना सर्व्हर बंद केला, म्हणून नव्यावर आणलंय. आत्ता पाहिलं, सगळीच अक्षरं अडतात. मी 'त्सा'च तपासलं होतं.

खटपट्या
हे आधी सांगायचं ना! शोधाच्या कोडात 'लोअर' (कॅपिटल अक्षरांची लहान अक्षरं करणारी आज्ञा) आहे का?

टल्साकर
आहे. मुलं इंग्रजी शब्दही टाकतात, कधी कॅपिटलमध्ये. पण चेरोकीत कुठे आलं लहान-मोठं?

खटपट्या
तिथेच गोम आहे. युनिकोड म्हणजे प्रत्येक अक्षराला क्रमांक देणारी यादी. १९९९ मध्ये तिच्या ३.० आवृत्तीत चेरोकी आली तेव्हा ८५ अक्षरं होती, एकाच रूपात. २०१५ च्या ८.० मध्ये लहान रूपं आली आणि जुनी अक्षरं मोठी ठरली. पायथन ३.५ च्या आधी लोअरला ही लहान रूपं ठाऊकच नव्हती, म्हणून तुमचं अक्षर आहे तसं राहायचं. नव्या सर्व्हरवर नवं पायथन असणार, त्यात 'त्सा' १३ई३ या क्रमांकावरून एबीबी३ वर जातं. तुमच्या यादीत मोठंच साठवलेलं आहे, मग जुळणार कसं? जुन्या फॉन्टात लहान रूप नसतं, म्हणून चौकोन.
'ऑर्ड' (अक्षराचा क्रमांक सांगणारी आज्ञा) लावून बघा, ५०९१ ऐवजी ४३९५५ येईल; हे वरचेच दोन क्रमांक, नेहमीच्या दशमान आकड्यांत.

टल्साकर
४३९५५ आलं!!

जुनाजाणता
म्हणजे फॉन्टचंच होतं.

खटपट्या
नाही. फॉन्ट बदलून चौकोन गेला असता, शब्द मिळाले नसते. टल्साकर, लोअर फक्त इंग्रजी अक्षरांना लावा. लहान-मोठ्याचा फरक विसरून शब्द जुळवायला युनिकोडची केस फोल्डिंग म्हणून सोय आहे, ती चेरोकीत उलट चालते, लहानाचं मोठं करते, म्हणजे आधीचा साठवलेला मजकूर तसाच जुळत राहतो. पण रात्रीत त्यात शिरू नका.

टल्साकर
लोअर इंग्रजीपुरतं ठेवलं. 'त्सालागी' आला, बाकीचेही येताहेत. तीन शब्द मात्र अजून अडलेत, तिन्हींत 'ला' आहे.

मावशीबाई
'ला' दिसायला थेट इंग्रजी डब्ल्यूसारखा असतो. भरणाऱ्याने कळफलकावरचा डब्ल्यूच दाबला असेल. ऑर्ड ८७ येतं का बघा.

टल्साकर
तिन्हींत ८७. मीच भरले होते. बदलतोय. मावशी, खटपट्या, खूप आभार.

पाटीपेन्सिल
मुलांना वहीत लिहायला हीच लिपी शिकवतात का?